शेतावरचा बंब : जुन्या लष्करी ट्रकचे नवे काम

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात गव्हाची सुगी आणि वणव्याचा मोसम एकाच वेळी येतात. नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत तेथे कडक उन्हाळा असतो. कापणीला आलेले पीक, वाळलेले कुरण आणि उत्तरेकडील वाळवंटी प्रदेशातून येणारा तप्त वारा असा योग जुळून आला की एक ठिणगीही पुरेशी होते. ती ठिणगी कधी विजेच्या कडकडाटातून येते, कधी विजेच्या तारा एकमेकींना घासल्याने उडते, तर कधी कापणी-मळणी यंत्राच्या तापलेल्या बेअरिंगमधून किंवा धुरांड्यावर साचलेल्या भुसकटातून निर्माण होते. शेते हजारो एकरांची, वस्ती विरळ आणि अग्निशमन केंद्र बहुधा काही मैल दूर, अशा परिस्थितीत आगीवर पहिले पाणी पडते ते शेतकऱ्याने स्वतः सिद्ध केलेल्या वाहनातून. हलक्या मालमोटारीवर टाकी व पंप बसविलेले असे लहान वाहन तेथील बहुतेक शेतांवर दृष्टीस पडते. ज्यांना अधिक पाणी आणि अधिक दणकट वाहन हवे असते, त्यांची नजर लष्कराने मोडीत काढलेल्या ट्रककडे वळते.

या ट्रकचे बंबात रूपांतर कसे होते, त्यात कोणती काळजी घ्यावी लागते आणि केवळ यंत्राच्या दणकटपणावर विसंबल्यास कोणते संकट ओढवते, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. हा विषय वरवर पाहता यांत्रिकी कारागिरीचा वाटतो; पण त्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो वजनाच्या हिशेबाचा आणि माणसांच्या शिस्तीचा.

महायुद्धाची शिल्लक

१३ जानेवारी १९३९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांनी मोठा हाहाकार उडविला. त्या मोसमातील वणव्यांत ७१ माणसे मृत्युमुखी पडली. न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने ग्रामीण अग्निशमनाची व्यवस्था विस्कळीत असल्याचे दाखवून दिले. १९४४ च्या उन्हाळ्यात पुन्हा भीषण वणवे लागले, पुन्हा चौकशी झाली आणि त्याच वर्षी कायदा होऊन ग्रामीण भागासाठी ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ ही संस्था स्थापन झाली. १९४५ मध्ये तिचे काम सुरू झाले. गावोगावची स्वयंसेवक पथके हा तिचा कणा होय. आजही त्या राज्यात अशी सुमारे बाराशे पथके आहेत.

संस्था उभी राहिली त्याच वर्षी महायुद्ध संपले आणि लष्कराची हजारो वाहने निरुपयोगी ठरून विक्रीस निघाली. त्यांत कॅनडामध्ये फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या कारखान्यांत तयार झालेले आखूड नाकाचे ट्रक मोठ्या प्रमाणात होते. ऑस्ट्रेलियन लोक त्यांना ‘ब्लिट्झ’ म्हणत. याच घडणीचे ट्रक त्या युद्धात हिंदी सैन्यानेही वापरले होते. अनेक ब्लिट्झ गाड्यांची चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरत, त्यामुळे नांगरटीतून किंवा ओढ्याच्या वाळूतूनही त्या पार होत. ग्रामीण पथकांजवळ पैसा तुटपुंजा होता. त्यांनी या गाड्या स्वस्तात घेतल्या, गावच्या लोहाराकडून टाकी जोडून घेतली, वर पंप बसविला आणि बंब सिद्ध केला. या गाड्यांची चालकखोली अरुंद होती, इंजिन चालकाच्या शेजारीच असल्याने आत असह्य उष्मा होई आणि पेट्रोलवर चालणारे वाहन आगीजवळ न्यावे लागे. तरीही महायुद्धानंतरच्या वर्षांत अनेक खेड्यांचा पहिला स्वयंचलित बंब हाच होता, हे विसरता येत नाही.

पुढील पिढीत हीच गोष्ट नव्या वाहनांच्या बाबतीत घडली. ऑस्ट्रेलियन लष्कराने १९८० च्या दशकात मर्सिडीज-बेंझ कंपनीचे ‘युनिमॉग’ जातीचे चार टनी ट्रक घेतले होते. २०१० नंतरच्या दशकात लष्कराने नवी वाहने घेतली, तेव्हा हे ट्रक लिलावात निघाले आणि त्यांतील काही शेतांवर जाऊन पोहोचले.

गवताचा वणवा कसा पसरतो

बंब कसा असावा हे ठरविण्यापूर्वी त्याला कोणत्या आगीशी सामना द्यावयाचा आहे, हे समजून घेतले पाहिजे. जंगलातील आग जाड लाकडावर दीर्घकाळ धुमसते. गवताची किंवा धसकटांची आग मात्र क्षणात पेट घेते आणि क्षणात पुढे सरकते. मोकळ्या कुरणात तिचा वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. ताशी १५ किलोमीटरचा वेग धरला तरी वीस मिनिटांत वणवा पाच किलोमीटर पुढे गेलेला असतो. चढावर हा वेग आणखी वाढतो. दर १० अंशांच्या चढाला तो साधारणपणे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे.

८ जानेवारी १९६९ रोजी मेलबर्न व जिलाँग या शहरांमधील लारा गावाजवळ गवताच्या वणव्याने हमरस्ता ओलांडला. त्या रस्त्यावर अडकलेले सतरा प्रवासी प्राणास मुकले. ज्या आगीने त्यांना गाठले ती घनदाट अरण्यातील नव्हती, गवताची होती. गवताची आग म्हणजे किरकोळ आग, ही समजूत किती घातक आहे हे या घटनेवरून स्पष्ट होते.

वाऱ्याच्या दिशेने धावणाऱ्या वणव्याला तोंड, दोन बगला आणि मागची शेपटी असे भाग असतात. तोंडाशी ज्वाला सर्वांत उंच आणि उष्णता सर्वांत तीव्र असते. लहान बंबाने तोंडासमोर उभे राहणे म्हणजे आत्मघात होय. यास्तव काम शेपटीकडून सुरू करावयाचे, आधीच जळून गेलेल्या जमिनीवर वाहन ठेवावयाचे आणि एका बगलेने विझवीत विझवीत तोंडाकडे सरकावयाचे, ही सर्वमान्य पद्धत आहे. जळलेल्या जमिनीवर पुन्हा आग लागू शकत नाही. म्हणून तीच सर्वांत सुरक्षित जागा ठरते.

या पद्धतीतूनच बंबाच्या गरजा निश्चित होतात. तो खडबडीत जमिनीवर सावकाश चालू शकला पाहिजे, चालता चालता पाणी मारू शकला पाहिजे, आणि थोडक्या पाण्यात पुष्कळ वेळ काम करू शकला पाहिजे. लष्करी ट्रक पहिल्या अटीस उत्तम उतरतो. उरलेल्या दोन अटी रूपांतर करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतात.

ट्रकची निवड

युनिमॉगसारख्या ट्रकचा मुख्य गुण म्हणजे त्याची उंची. त्याच्या चाकांजवळ दातेरी चक्रांची एक जादा जोडी असते. तीमुळे आस चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि वाहनाचा तळ जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरांहून अधिक उंच राहतो. दगड, बांध, तोडलेल्या झाडांचे खुंट यांवरून तो सहज जातो. वाळलेले गवत तापलेल्या धुरांड्याला लागण्याचा धोकाही कमी होतो. चारही चाकांना मिळणारी गती, गोगलगायीच्या चालीने जाऊ देणारे खालचे गिअर आणि डिझेल इंजिन हे त्याचे आणखी गुण होत. डिझेलची वाफ पेट्रोलइतक्या सहज पेट घेत नाही. म्हणून आगीजवळ जाणारे वाहन शक्यतो डिझेलचे असावे, अशीच शिफारस केली जाते.

परंतु लिलावात उभा असलेला ट्रक बाहेरून कितीही भक्कम दिसला तरी तो तीस-पस्तीस वर्षांचा असतो, याचा विसर पडता कामा नये. लष्करी वाहन पुष्कळदा फार थोडे चाललेले असते. त्यामुळे इंजिन चांगले निघते, पण रबर मात्र वयाने कुजते. टायरची खाच खोल दिसते. त्याच्या बाजूंना मात्र बारीक भेगा पडलेल्या असतात. ब्रेकच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, तेलाचे पडदे आणि विजेच्या तारांवरील आवरण यांची हीच स्थिती असते. टायरच्या बाजूवर त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष कोरलेले असते, ते प्रथम वाचावे. ट्रकच्या किमतीत सहा नव्या टायरांची किंमत मिळविली, तर स्वस्त वाटणारा सौदा पुष्कळदा महाग ठरतो.

दुसरी अडचण विजेची. लष्करी ट्रकची विद्युतयोजना बहुधा २४ व्होल्टची असते, तर शेतावरील वायरलेस संच आणि दिवे १२ व्होल्टचे असतात. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरच तार जोडून १२ व्होल्ट घेण्याचा मोह होतो. तसे केल्यास एक बॅटरी उपाशी व दुसरी अतिभारित राहते आणि ऐन वेळी गाडी सुरू होत नाही. याकरिता व्होल्ट उतरविणारे स्वतंत्र साधन बसविणे आवश्यक आहे.

वजनाचा हिशेब

या सर्व कामात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित बाब म्हणजे वजन. पाण्याचे वजन लीटरला एक किलोग्रॅम असते. चार हजार लीटरची टाकी बसविली की केवळ पाण्याचेच चार टन झाले. चार टनी ट्रकवर चार हजार लीटरची टाकी बसवावी, असा विचार करणाऱ्याने टाकीचे, पंपाचे आणि माणसांचे वजन जणू शून्य धरलेले असते.

उदाहरणादाखल चार टन भारक्षमतेच्या ट्रकचा हिशेब मांडून पाहू. पोलादी टाकी आणि तिचा आधारसांगाडा यांचे ५०० किलो धरावे. पंप, त्याचे इंजिन आणि नळ्यांची चक्रे यांचे १५० किलो, पुढील व बाजूंचे संरक्षक कठडे १५०, अवजारे व जादा चाक १००, आणि मागील फलाटावरील दोन माणसे त्यांच्या साहित्यासह २०० किलो धरली, तर बेरीज १,१०० किलो होते. उरले २,९०० किलो. त्यांतून पुढील दुरुस्तीसाठी आणि उतारावरील तोलासाठी ४०० किलोंची सवलत राखली, तर पाण्यासाठी २,५०० लीटर राहतात. हा आकडा चार हजारांपेक्षा पुष्कळ कमी आहे. पण याच आकड्यावर ट्रकचे ब्रेक वेळेवर लागतात आणि बांधावरून तिरपे जाताना तो उलटत नाही.

लष्करी ट्रकची भारक्षमता रस्त्यावरची आणि रानातली अशी वेगवेगळी सांगितलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकन लष्कराचा ‘एम ३५’ हा सहा चाकी गतीचा ट्रक ‘अडीच टनी’ म्हणून ओळखला जातो. हे अडीच टन, म्हणजे सुमारे २,२७० किलो, रानातील वाहतुकीसाठी आहेत. पक्क्या रस्त्यावर त्याच ट्रकला याच्या दुप्पट भार नेण्याची मुभा आहे. वणवा रस्त्यावर लागत नसल्याने हिशेब नेहमी रानातील आकड्यावर करावा.

आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव पाणी पुरविणारे टँकर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अर्धवट भरलेला टँकर वळणावर कसा हेलकावतो हे ठाऊक असेल. पूर्ण भरलेल्या टाकीतील पाणी हलत नाही, रिकाम्या टाकीत पाणी नसतेच. संकट असते ते अर्ध्या टाकीचे. वळणावर हजार-दीड हजार किलो पाणी एका बाजूस धावते आणि वाहनाचा तोल घालविते. अमेरिकेत ग्रामीण अग्निशमन पथकांच्या पाण्याच्या टँकरांची संख्या इतर बंबांच्या मानाने अल्प असूनही वाहन-अपघातांत मरण पावणाऱ्या जवानांत टँकरवरील जवानांचे प्रमाण मोठे असल्याचे आढळून आले आहे. आगीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाट चुकविणारा हा शत्रू होय.

टाकी आणि सांगाडा

हेलकावे रोखण्यासाठी टाकीच्या आत उभे-आडवे पत्रे बसवून तिचे कप्पे पाडतात. पत्र्यांना खाली-वर भोके ठेवल्याने पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सावकाश जाते, एकदम उसळत नाही. टाकी उंच व अरुंद करण्याऐवजी बुटकी व रुंद करावी आणि ती मागच्या आसाच्या थोडी पुढे येईल अशी बसवावी, म्हणजे गुरुत्वमध्य खाली राहतो व पुढच्या चाकांवरही योग्य भार पडतो. टाकी पोलादी असावी की जाड प्लॅस्टिकची, याविषयी मतभेद आहेत. प्लॅस्टिकची टाकी हलकी असते व गंजत नाही. पण पाण्याच्या पातळीवरील रिकामा भाग आगीच्या झळीने वितळू शकतो.

बसविण्याची रीत याहूनही महत्त्वाची आहे. युनिमॉगचा सांगाडा मुद्दामच लवचीक केलेला असतो. एक चाक खड्ड्यात व दुसरे उंचवट्यावर असताना सांगाडा पिळला जातो आणि चारही चाके जमिनीला धरून राहतात. अशा सांगाड्यावर टाकी चारही कोपऱ्यांना बोल्टने घट्ट आवळली, तर पीळ टाकीवर येतो. काही महिन्यांतच जोड फुटून पाणी गळू लागते किंवा सांगाड्यालाच तडा जातो. म्हणून टाकीसाठी वेगळा आधारसांगाडा करून तो मोजक्या बिंदूंवर, फिरत्या सांध्यांनी टेकविला जातो. असे काम गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होऊ शकते, पण त्याचा आराखडा जाणत्या अभियंत्याकडून करून घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात जड वाहनांतील फेरफारांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय नियमसंहिता आहे. रस्त्यावर चालविण्यासाठी अशा वाहनाची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते, तसेच चालकाजवळ जड वाहनाचा परवाना असावा लागतो.

पंप, नळी आणि पाण्याची काटकसर

ट्रकच्याच इंजिनावर पंप चालविला तर गाडीचा वेग आणि पाण्याचा दाब एकमेकांत गुंतून पडतात. गाडी सावकाश झाली की दाब उतरतो, गिअर बदलला की धार तुटते. चालता चालता पाणी मारावयाचे असल्यामुळे पंपाला स्वतंत्र लहान इंजिन देणे सोयीचे ठरते. या इंजिनाचे इंधन ट्रकच्याच जातीचे असले, तर घाईच्या वेळी चुकीचे इंधन भरले जाण्याचा संभव राहत नाही.

एक लीटर पाणी तापून त्याची पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. यातील बहुतेक भाग वाफ होण्यातच खर्ची पडतो. म्हणजे जे पाणी वाफ न होता जमिनीत मुरले, त्याचा उपयोग फार थोडा झाला. यास्तव जाड धारेपेक्षा बारीक तुषार मारणारे तोंड गवताच्या आगीस अधिक उपयुक्त असते. मिनिटाला १०० लीटर सोडणारी नळी वापरली, तर २,५०० लीटर पाणी २५ मिनिटांत संपते. ५० लीटर सोडणाऱ्या नळीने तेच ५० मिनिटे पुरते. पाण्यात फेस आणणारे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळले, तर पाणी गवतात चांगले भिनते. मात्र असे द्रव्य विहिरीत किंवा तळ्यात उतरू नये, याची खबरदारी घ्यावी लागते.

टाकी पुन्हा भरण्याची सोय हाही बंबाचाच भाग मानला पाहिजे. मिनिटाला ५०० लीटर ओढणारा पंप २,५०० लीटरची टाकी पाच मिनिटांत भरतो. शेततळ्याच्या काठी ट्रक वळू शकेल एवढी मुरूम टाकलेली जागा, सर्वांच्या नळ्यांना बसेल असा एकाच मापाचा सांधा आणि रात्रीही दिसेल असा फलक, या तीन गोष्टी मोसमापूर्वी तयार असल्या तर पुष्कळ वेळ वाचतो. शेजाऱ्यांच्या नळ्यांचे सांधे एकमेकांस न बसणे ही क्षुल्लक वाटणारी उणीव संपूर्ण गावाला महागात पडू शकते.

माणसांचे संरक्षण

लष्करी ट्रक शत्रूच्या मुलखात जाण्यासाठी घडविलेला असतो, आगीत जाण्यासाठी नव्हे. ज्या ट्रकमध्ये हवेचा ब्रेक आहे तेथे हवेच्या नळ्या बहुधा नायलॉनच्या असतात. काही प्रकारच्या ब्रेकमध्ये हवा निघून गेली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप लागतात. रस्त्यावर ही मोठी सुरक्षितता आहे. पण आगीच्या झळीने नळी वितळली, तर तोच ब्रेक ट्रकला ज्वाळांच्या मध्येच जखडून ठेवतो. म्हणून अशा नळ्या, इंधनाची नळी व विजेच्या तारा पत्र्याच्या किंवा उष्णतारोधक आवरणाखाली घेणे, हे रूपांतरातील पहिल्या कामांपैकी एक असावे. चालकखोलीच्या खिडक्यांना आतून उष्णता परतविणारे पडदे आणि गाडीवर चोहोबाजूंनी पाण्याचे तुषार सोडणारी नळ्यांची कडी, हे दोन उपाय तेथील सरकारी बंबांवर रूढ झाले आहेत. शेतकऱ्यालाही ते फार खर्चाचे नाहीत.

वाहनावर किमान दोन माणसे असावीत : एक चालविणारा व एक पाणी मारणारा. मागे उभ्या राहणाऱ्यास छातीइतका कठडा हवा, आणि चालकाशी बोलण्यासाठी घंटी किंवा वायरलेस हवा. अंगावर सुती किंवा लोकरी पूर्ण कपडे, पायांत चामड्याचे बूट, आणि गाडीत प्रत्येकासाठी लोकरीचे ब्लँकेट व पिण्याचे पाणी असावे. कृत्रिम धाग्याचे कपडे उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात, म्हणून ते वर्ज्य होत. धुरात इतर वाहनांना दिसावे यासाठी दिवे सतत लावून ठेवावेत.

लिंटनचा धडा

२ डिसेंबर १९९८ रोजी व्हिक्टोरियातील लिंटन गावाजवळ वणव्याशी झुंजत असताना वाऱ्याने एकाएकी दिशा बदलली. उत्तरेचा वारा नैर्ऋत्येचा झाला आणि इतका वेळ शांत भासणारी वणव्याची बगल हीच त्याचे तोंड बनली. जिलाँग वेस्ट पथकाचा एक बंब न जळलेल्या झाडीत सापडला. त्यावरील पाचही स्वयंसेवक मरण पावले. ते अननुभवी किंवा बेफिकीर नव्हते. त्यांचा बंब सरकारी आणि सुसज्ज होता.

या घटनेची दीर्घ चौकशी झाली. वणव्याच्या बगलेलगतचा, अजून न जळलेला पट्टा वारा फिरताच काही क्षणांत मृत्यूचा सापळा होतो, ही बाब ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००१ मध्ये सविस्तर मांडली आणि त्या पट्ट्यास ‘मृत्युक्षेत्र’ असे नाव पडले. त्याचबरोबर स्वतःच्या बचावापुरते पाणी टाकीत नेहमी शिल्लक ठेवावयाचे, टाकी पूर्ण रिती होऊ द्यावयाची नाही, हा दंडक कटाक्षाने पाळला जाऊ लागला.

शेतावरील बंबाला हा दंडक अधिकच लागू आहे. आपले उभे पीक जळत असताना ‘आणखी थोडे पाणी मारू’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण टाकीतील शेवटचे काही शे लीटर पिकासाठी नाहीत, माणसांसाठी आहेत. ते कोणत्या खुणेवर थांबले पाहिजे हे टाकीच्या बाहेरील पातळीदर्शक नळीवर लाल रंगाने आखून ठेवावे. निर्णय आगीसमोर घ्यावयाचा नसतो, तो आधीच घेतलेला असावा लागतो. तसेच खाजगी बंबाने वणव्यावर पोहोचताच तेथील प्रमुखास आपली उपस्थिती कळविली पाहिजे. कोण कोठे आहे हे ठाऊक नसेल तर वारा फिरल्याची सूचना देणार तरी कोणाला?

मालकी कोणाची, जबाबदारी कोणाची

ऑस्ट्रेलियातील शेतकरी लिलावात ट्रक विकत घेतो आणि त्याचा धनी होतो. अमेरिकेत याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने शोधण्यात आले. तेथील वनखात्याने संघ सरकारची जादा ठरलेली वाहने राज्यांच्या वनप्रमुखांकडे उसनवारीने द्यावयाची आणि त्यांनी ती खेड्यांतील अग्निशमन पथकांना वापरावयास द्यावयाची, अशी योजना राबविली. १९७८ च्या वनसहकार्यविषयक कायद्याने तिला आधार दिला. वाहनाची मालकी संघ सरकारकडेच राहते. रूपांतराचा व निगेचा खर्च पथक करते आणि वाहनाचा उपयोग संपला की ते परत करावे लागते. मिशिगन राज्यातील रॉसकॉमन येथील केंद्राने लष्करी ट्रकवर टाकी कोठे व किती वजनाची बसवावी याचे आराखडे तयार करून पथकांना उपलब्ध करून दिले. प्रत्येक गावाने तीच चूक नव्याने करावयाची आणि तोच धडा नव्याने शिकावयाचा, हे त्यामुळे टळले.

२०१४ मध्ये ही व्यवस्था अडचणीत आली. जुन्या लष्करी इंजिनांचा धूर प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, या कारणास्तव वाहने देणे थांबविण्यात आले. लहान गावांच्या पथकांनी आणि राज्यांनी एकच आवाज उठविला, कारण नवा बंब घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. काही आठवड्यांतच संबंधित खात्यांत समझोता होऊन वाटप पुन्हा सुरू झाले. लष्कराने टाकून दिलेला ट्रक ग्रामीण अग्निशमनाचा किती मोठा आधार झाला होता, हे या प्रसंगाने दिसून आले.

निगा : वर्षभराचे काम

बंबाचा उपयोग वर्षातून चार दिवस होत असेल, पण त्याची निगा वर्षभर घ्यावी लागते. मोसमात दर आठवड्यास पंप सुरू करून प्रत्यक्ष पाणी सोडून पाहावे. इंधन ताजे ठेवावे, बॅटरी तपासावी, टायरची हवा पाहावी आणि वाहन तोंड बाहेर करून उभे करावे. मोसम संपताच पंपातील पाणी काढून टाकावे, टाकी आतून तपासावी आणि नळ्या सावलीत गुंडाळून ठेवाव्यात. ही यादी पत्र्यावर लिहून ट्रकच्या दारावर लावली व प्रत्येक तपासणीची तारीख तिच्यावर नोंदली, तर घरातील कोणीही ते काम करू शकते. पंप कसा सुरू करावा हे एकाच माणसाला येत असेल आणि आग लागली त्या दिवशी तो बाजारास गेला असेल, तर तो बंब असून नसल्यासारखा आहे. ट्रक चालविता येणारी व पंप हाताळता येणारी निदान चार माणसे प्रत्येक वस्तीत असावीत.

लष्कराचा जुना ट्रक दणकट असतो, स्वस्त मिळतो आणि जेथे इतर वाहने अडतात तेथे जातो. म्हणूनच त्याच्यावर अधिक भार लादण्याचा, अधिक आत शिरण्याचा आणि अधिक वेळ थांबण्याचा मोह होतो. वरील सर्व अनुभवांचे सार इतकेच की, बंबाची शक्ती त्याच्या इंजिनात मोजू नये. टाकी भरताना केलेला वजनाचा हिशेब, लाल खुणेवर राखलेले पाणी, आणि जळलेल्या जमिनीवरच उभे राहण्याची शिस्त यांवर ती मोजावी. या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. ज्या गावाने त्या अंगी बाणविल्या, त्याचा साधा बंबही शेत राखतो आणि त्यावर गेलेली माणसे संध्याकाळी घरी परततात.